अ‍ॅक्सलपाशी शिष्टमंडळ

ती रिंग अर्ध्या दिनाराच्या नाण्याएवढी, एका जागी तोंड उघडं ठेवूनच जन्माला आलेली, आणि चिमट्याच्या दोन टोकांवर ताणून धरली तेव्हा अगदी गरीब दिसत होती — आता सुटेल, हळूच सुटेल, आपल्याच तळहातावर येऊन बसेल, असं हिकमत मनात म्हणतोय तोवर ती सुटली, पण त्याच्याकडे आली नाही. टण्ण. हा पाण्याच्या पिंपाचा आवाज. मग टिक्. हा सब्जाच्या कुंडीचा. मग काहीच नाही... आणि वस्तू हरवते ती या काहीच नाहीमध्ये, टण्णमध्ये नव्हे.

सब्जाच्या मुळाशी ती सापडली तेव्हा नऊ चाळीस झाले होते. गुडघ्यावर बसून कुंडी उकरणारा नवरा स्वयंपाकघराच्या खिडकीतून उम्म लैसला दिसत होता, पण तिने काही विचारलं नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात कुठला प्रश्न विचारला की दुपारचं जेवण लांबतं हे तिला पाठ झालं होतं.

खरं म्हणजे ती रिंग काढायची वेळच यायला नको होती. तासाभरापूर्वी त्यानेच ती बसवली होती, नीट, खाचेत, टक असा समाधानाचा आवाज येईपर्यंत. मग तो दोन पावलं मागे सरला, हात कमरेवर ठेवले, कमरेला ग्रीस लागलं, आणि आपलं काम डोळे भरून बघत असताना ट्रेमध्ये त्याला तो दिसला. बूट. नवाकोरा, काळा, लोहाराच्या भात्यासारखा चुण्याचुण्यांचा रबरी बूट, जो सांध्याच्या आधी दांड्यावर चढवायचा असतो आणि सांधा बसल्यावर जगातल्या कुठल्याही बाजूने चढत नाही. तो तिथे अशा शांतपणे बसला होता की जणू त्याला लग्नाचं आमंत्रणच नव्हतं.

मागच्या चाकांना फिरवणारे दांडे दोन. त्यांना अ‍ॅक्सल म्हणतात. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा, सांध्यात सहा गोळ्या, गोळ्यांभोवती ग्रीस, आणि ग्रीस बाहेर जाऊ नये, धूळ आत शिरू नये म्हणून वर बूट. चारही बूट फाटले होते. वळणावर गाडी आता खट्-खट्-खट् असं बोलायची, एखादा म्हातारा जेवताना बोलतो तसं. सव्वीस वर्षं हिकमतने ती जर्मन गाडी चालवली होती आणि तिच्या पोटाखाली कधी शिरला नव्हता. काही बिघडलं की गॅरेज होतं. पण गॅरेजवाला म्हणाला रविवारी. आणि मुलीला, तगरीदला, शुक्रवारी सकाळी सहाला निघायचं होतं, आणि आज गुरुवार.

सल्तहून, म्हणजे घरून, अकाबा तीनशे चाळीस किलोमीटर. चार तास. अकाबाच्या बंदरात आलेल्या जहाजांना कुठे उभं राहायचं ते सांगायची नोकरी तगरीदला लागली होती, खोली बघून झाली होती, दोन सुटकेस आणि एक गुंडाळलेली गादी दिवाणखान्यात तयार होती. म्हणजे आता फक्त ते चार तास उरले होते. त्याला ते हवे होते. मुलगी हवी होती असं म्हणण्यात अर्थ नव्हता, मुलगी चाललीच होती. पण चार तास, एका बंद गाडीत, जिथून तिला उठून स्वयंपाकघरात जाता येणार नाही...

"अबू लैस, माझी गाडी आहे ना," फवाझ हिकमतला म्हणाला होता. (मुलगा लैस, म्हणून हिकमत अबू लैस, लैसचा बाप, आणि बायको उम्म लैस, लैसची आई.) फवाझ म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ, आणि त्याची गाडी म्हणजे कोरियन, पांढरी, गेल्या वर्षीची. "एसी आहे. खुर्ची मागे जाते. खुर्ची गरमही होते."

"ऑक्टोबरात वाळवंटातून जाताना खुर्ची गरम कशाला करायची?"

"करायची म्हणून नाही सांगितलं. होते म्हणून सांगितलं."

तेव्हाच हिकमतने ठरवलं की बूट आपणच बदलायचे. एकतीस वर्षं त्याने शाळेच्या प्रयोगशाळेत काढली होती. शेकडो काचनळ्या जोडल्या, उकळल्या, धुतल्या. लोखंडाचा दांडा तर फुटतही नाही. गॅरेजवाल्याकडून त्याने गाडीच्या पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती आणल्या. पुस्तक जर्मनमध्ये होतं, पण चित्रं होती, आणि प्रत्येक चित्रात एक हात होता, मनगटापाशी संपणारा, स्वच्छ, नखं कापलेला. तो हात बोल्ट सोडवायचा, सांधा काढायचा, बूट चढवायचा, आणि शेवटच्या चित्रातही तितकाच स्वच्छ असायचा. हिकमतला त्या हाताचा राग येऊ लागला होता. मागे माणूस नसला की हात कसाही स्वच्छ राहतो.

बोल्ट बुधवारीच सुटले होते. चोवीस. प्रत्येकाच्या डोक्यातल्या खड्ड्यात सव्वीस वर्षांची माती दगड होऊन बसली होती, आणि ती खरवडून काढल्याशिवाय चावी घातली तर चावी घसरते, डोकं गोल होतं, आणि मग बोल्ट आणि माणूस दोघंही कामातून जातात; म्हणून त्याने उम्म लैसची विणकामाची सुई घेऊन चोवीस खड्डे टोकरले, दात कोरावेत तसे. मग सांधे उघडायच्या आधी खुणा करायच्या होत्या, आतलं कडं बाहेरच्या कड्यात जसं होतं तसंच परत बसायला हवं. पुस्तकातल्या हाताकडे एक पांढरी पेन्सिल होती. हिकमतकडे नव्हती. तो तगरीदच्या दाराशी गेला.

"नेलपॉलिश आहे का?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली. "कुठला रंग?"

"दिसेल असा."

तिने लाल दिला. "उरलेला तुम्हीच ठेवा, बाबा."

त्या महिन्यातलं त्यांचं सगळ्यात लांब संभाषण ते.

ती त्याच्याशी वाईट वागत नव्हती, तीच तर अडचण होती. वाईट वागली असती तर दोन शब्द झाले असते, दार आपटलं असतं, मग कुणीतरी ते उघडलं असतं. ती त्याच्याशी, एखादा चांगला कारकून खिडकीपलीकडच्या माणसाशी वागतो, तशी वागायची. मीठ देऊ? दार लावते. औषध घेतलंत? तीन वर्षं. तीन वर्षांपूर्वी तो तिला गाडी शिकवत होता आणि बाजाराच्या चढावर तिच्या हातून इंजिन बंद पडलं, आणि गाडी मागे घरंगळली, फार नाही, हातभर. मागून दोघं जण एक सोफा घेऊन चढ चढत होते, गाडी सोफ्याला टेकली, कुणाला काही झालं नाही, सोफ्यालाही नाही. उलट पुढचा माणूस दमलेलाच होता, त्याने सोफा खाली ठेवला आणि भर रस्त्यात त्यावर बसून घेतलं. अख्खा बाजार हसला. आणि हिकमत, तो बाजार आपल्याला हसतोय असं वाटून, तिला म्हणाला, उतर. एवढंच. एक शब्द. ती उतरली, बाजारातून मान वर करून चालत घरी गेली, दोन महिन्यांत फवाझच्या जुन्या गाडीवर शिकली, लायसन्स काढलं, आणि बाबांची गाडी हे दोन शब्द तिच्या बोलण्यातून गेले.

चार तासांचा त्याने आराखडा केला होता. वाटेतल्या कतरानापर्यंत बोलायचं नाही. कतरानाला चहा. मआन गेल्यावर, डाव्या हाताला काहीच नसतं आणि उजव्या हातालाही काहीच नसतं तेव्हा, रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचं: तगरीद, त्या दिवशी... इथवर वाक्य पाठ होतं. पुढचं त्याने खूपदा करून पाहिलं. त्या दिवशी ऊन फार होतं. त्या दिवशी गुरुवार होता बहुतेक. त्या दिवशी तो सोफा कुणाचा होता कोण जाणे. एकतीस वर्षं मुलांना सांगितलं, बाबांनो, निरीक्षण आधी आणि निष्कर्ष नंतर — आणि स्वतःची गाडी मात्र निरीक्षणातच रुतून बसलेली.

पहिला अ‍ॅक्सल साडेअकराला पुरा झाला, दोन्ही बुटांसकट. त्याने तो पुसून चादरीवर ठेवला. जेवण झालं, मसूरभात आणि दही, आणि तगरीद म्हणाली, "बाबा, कोपराला ग्रीस आहे," आणि त्याने ते कोपर टेबलावरून उचललं, पण टेबलावर डाग राहिला तो कोपराच्या आकाराचा.

दुसऱ्या अ‍ॅक्सलला त्याने चूक होऊच द्यायची नाही असं ठरवलं. क्रम मोठ्याने म्हणायचा. क्लिप, बूट, सांधा, रिंग. रॉकेलमध्ये गोळ्या धुताना तो म्हणत होता, क्लिप, बूट, सांधा, रिंग; काळं ग्रीस बोटांनी खाचाखाचांत दाबताना, क्लिप, बूट, सांधा, रिंग; आतल्या टोकाला बरोबर झालं. मग बाहेरचं टोक, चौथा आणि शेवटचा बूट. लाल खुणा जुळवल्या. सांधा दांड्यावर सरकवला, लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलके ठोकला, रिंग चिमट्यात धरली, श्वास धरला, सोडली... टक. या वेळी उडाली नाही. त्याच्या मनात अभिमान दाटून आला आणि तसाच दाटलेला तो मागे वळला.

चौथा बूट ट्रेमध्ये होता.

तो खाली बसला. पहिल्यांदा चूक झाली तर ती चूक. दुसऱ्यांदा, तोंडाने 'बूट' म्हणत असताना, हाताने बूट सोडून पुढे जावं, म्हणजे मग... मग कोण चुकलं? तोंड तर बरोबर होतं. डोकं बरोबर होतं. तिला अकाबाला मीच नेणार आहे. मला न्यायचंच आहे. मग हे हात कुणाचे? पुस्तकातल्या हातासारखे हेही मनगटापाशीच संपत असतील आणि पुढे दुसराच कुणीतरी असेल, एखादा असा हिकमत, ज्याला मआनच्या पुढे ते वाक्य बोलायचंच नाहीये, ज्याला हवंय की गाडी अशीच दोन स्टँडांवर उभी राहावी, फवाझने तिला गरम खुर्चीवर बसवून न्यावं, आणि आपण दारात उभं राहून हात हलवावा, गाडी नसलेला, म्हणून निर्दोष...

फाटक वाजलं.

तीन जण आत आले आणि तिघांच्याही अंगात कोट होता. हाज सबरी पुढे, मसाल्याच्या दुकानवाले, पंच्याहत्तरीचे. मोहल्ल्यातलं कुठलंही मागणं त्यांच्याशिवाय कुणाच्या दारी जात नसे. त्यांच्या मागे फवाझ, आणि फवाझने टाय लावला होता. शेवटी शेजारचा जिर्यस, ज्याने बावीस वर्षं अकाबाची बस चालवली होती आणि जो एरवी पायजम्यावरच यायचा. हिकमत उठला. हात काळे, म्हणून त्याने मनगट पुढे केलं, आणि तिघांनी एकामागून एक त्याचं मनगट गंभीरपणे धरून सोडलं; कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं तीन वैद्य नाडी बघायला आलेत.

"बसा, बसा. हे असं आहे सगळं..."

काढून ठेवलेल्या दोन चाकांवर फवाझ आणि जिर्यस बसले. हाज सबरींना स्टूल. आणि दीड मिनिटात उम्म लैस कॉफी घेऊन आली. वेलदोडा घालून उकळलेल्या कॉफीला पाव तास लागतो. हिकमतने बायकोकडे पाहिलं; तिने सब्जाच्या कुंडीकडे पाहिलं.

हाज सबरींनी पेला घेतला, ओठांपाशीही नेला नाही, आणि समोर ठेवला. पुढ्यात अवजारांचा ट्रे होता, तिथे, चौथ्या बुटाच्या शेजारी.

हिकमतने पेल्याकडे पाहिलं. मागणं आहे. पेला खाली, म्हणजे मागणं. मागणं मान्य झालं की यजमान म्हणणार, कॉफी घ्या, आणि तेव्हाच ती प्यायची, नाही तर नाही. पण तगरीदला मागणी कुणासाठी? फवाझला मुलगा नाही. जिर्यसचे तिन्ही मुलगे लग्न झालेले, आणि तसंही ते चर्चला जाणारे. हाज सबरींनी स्वतः तर... नाही, तसा माणूस नाही तो.

हाज सबरी बोलू लागले. आधी देवाचं नाव, मग सल्तचं, मग हिकमतच्या वडलांचं, मग एकतीस वर्षांच्या प्रयोगशाळेचं, जिथे त्यांच्या मते एकाही मुलाचा डोळा गेला नाही. जिर्यस ऐकत होता आणि ऐकता ऐकता त्याची नजर ट्रेवर गेली, बुटावर थांबली, तिथून चादरीवरच्या अ‍ॅक्सलवर गेली, उघड्या सांध्यावर थांबली, आणि परत बुटावर आली. त्याचं तोंड उघडलं.

"हाज, एक मिनिट, हा जो—"

"जिर्यस. मागणं चाललंय."

"बरं." त्याने तोंड मिटलं, पण डोळे मिटवता येईनात.

"घ्या ना—" असं हिकमतच्या तोंडून अर्धं निघून गेलं होतं, पाहुणा समोर आणि पेला भरलेला, हे त्याच्या रक्ताला सहन होत नव्हतं. 'कॉफी' हा शब्द त्याने दातांत धरला आणि गिळला. स्वतःच्या अंगणात स्वतःच्या पाहुण्याला कॉफी घ्या म्हणायची चोरी. पेल्यांतून वाफ येत होती, मग कमी येऊ लागली.

"तर अबू लैस," हाज सबरी म्हणाले, "आम्ही तगरीदसाठी आलोय. तिनेच पाठवलंय आम्हाला."

"तिने?"

"हो. मुलीने स्वतःच्या बापाकडे शिष्टमंडळ पाठवलं, हे मीही पहिल्यांदाच पाहतोय. आधी नाही म्हणालो. मग ती म्हणाली, हाज, तुम्हाला कुणी नाही म्हणत नाही. ते खरंच आहे."

म्हणजे फवाझच. म्हणजे चार तास गेले. हिकमत फवाझच्या टायकडे बघत राहिला आणि त्याला वाटलं, टाय लावून न्यायचं होतं तर मीही लावला असता. "फवाझच्या गाडीतून जायचंय तिला," तो म्हणाला. "ठीक आहे ना. एवढ्यासाठी कोट कशाला..."

"माझ्या गाडीत नको म्हणाली ती," फवाझ म्हणाला. त्याला ते लागलेलं दिसत होतं. "खुर्चीचंही सांगितलं मी."

"उद्या तुमचीच गाडी जाईल," हाज सबरी म्हणाले. "चालवेल ती. तुम्ही शेजारी बसायचं. हे मागणं."

 गल्लीतून गॅसचे सिलिंडर विकणाऱ्या गाडीची धून वाजत आली आणि उतार उतरून गेली.

"अकाबापर्यंत?"

"ती म्हणाली मआनपर्यंत. मी अकाबा म्हणालो. मागणं थोडं मोठं ठेवावं, मग माणसाला कमी करायला जागा राहते."

"मला का नाही विचारलं तिने?"

या प्रश्नावर तिन्ही पाहुण्यांनी एकेक वेगळी वस्तू निवडून तिच्याकडे पाहिलं. शेवटी जिर्यस म्हणाला, "बाबा रे, विचारलं असतं, तर तू बोल्टचा विषय काढला असतास."

ते खरं होतं. तो बोल्टचा विषय आत्ताही काढू शकत होता. गाडी तयार नाही, हाज. हा बघा बूट, बाहेरच राहिला, सांधा परत उतरवावा लागेल, उशीर होईल, नवीन काम आहे, घाटात भरवसा नाही, नवख्या हाताने नको... आणि यात एक शब्द खोटा नव्हता. नकार नव्हता, अपमान नव्हता, लोखंडाचं कारण होतं. मग त्याच्या लक्षात आलं की त्याच्या हातांनी दुपारीच ही वाट मोकळी करून ठेवली आहे, सुबक, रबराची, चुण्याचुण्यांची. आणि कधी नव्हे ते त्याला स्वतःच्या हातांची थोडी भीती वाटली, आणि थोडं कौतुकही.

हाज सबरी वाट बघत होते. त्यांना वाट बघता येत असे, तोच त्यांचा धंदा होता, मसाले बाजूला. स्वयंपाकघराच्या दारातला पडदा वाऱ्याशिवाय हलला आणि थांबला, आणि पडद्याखाली दोन जोडी पाय दिसत होते, एक उम्म लैसचे, आणि एक अनवाणी.

शेजारी बसायचं. शेजारी कुठे? सव्वीस वर्षांत तो त्या खुर्चीवर बसला नव्हता. तगरीदला शिकवायचा तेव्हा बसायचा, पण ते बसणं नव्हे, दोन्ही हात हँडब्रेकवर आणि डोळे आरशात, ती पहाऱ्याची जागा होती. बाकी ती उम्म लैसची खुर्ची, तिच्या पायाशी पिशवी, तिच्या मांडीवर संत्री. तिथून काय दिसतं? रस्ता दिसत असणार, पण तो तर कुणाचातरी दुसऱ्याचा रस्ता, आपण फक्त बघायचं. कतराना येईल तेव्हा ती ठरवेल, चहा प्यायचा की नाही. पाय कुठे ठेवायचा हा एक प्रश्न होताच. आत्ताच, नुसत्या विचाराने, त्याचा उजवा पाय फरशीवर जोरात दाबला गेला होता, ब्रेक नसलेल्या जागी, आणि टाच दुखू लागली होती. त्याने पाय सैल करून पाहिला. तो परत दाबला गेला. परत सैल केला.

"अबू लैस," फवाझ हळूच म्हणाला, "कॉफी निवतेय."

"गप," हाज सबरी म्हणाले. "त्यांना माहीत आहे."

माहीत होतं. पण हिकमत आता त्या वाक्याचा विचार करत नव्हता, मआनच्या पुढच्या. त्या खुर्चीवरून ते बोलायचं झालं तर रस्त्याकडे बघून बोलता येणार नाही, कारण रस्ता त्याचा नसेल, त्याला मान डावीकडे, स्टिअरिंगकडे, वळवावी लागेल, आणि मग... मग तिचा चेहरा असेल, एका बाजूने, चढावर गिअर बदलतानाचा, आणि तो तसा दिसतो तरी कसा, ओठ दाबते की जीभ दातांत धरते, भुवया वर जातात की काय, हे जगात फक्त फवाझला माहीत होतं. त्याने फवाझकडे पाहिलं. विचारावं का? तीन कोट, तीन पेले, आणि एकाही पेल्यातून आता वाफ नाही. त्याने ब्रेक शोधणारा तो पाय पुन्हा फरशीवरून उचलला, अधांतरी धरला, आणि किती वेळ तसा धरता येतो ते बघत राहिला.